गडचांदूरची काळी माती

वैशाखाच्या अखेरीस गडचांदूरच्या शिवारांतून चालणाऱ्या माणसाला खालीं पाहूनच पाऊल टाकावें लागतें. कापसाच्या वाळलेल्या पऱ्हाट्या उपटून शेत मोकळें झालेलें असतें, आणि त्या काळ्या पटावर जिकडे तिकडे भेगांचें जाळें पसरलेलें असतें. कांहीं भेगांत हाताचा पंजा सहज शिरतो. गुराख्यानें आपली काठी एखाद्या भेगेंत सोडली तर ती अर्धीअधिक आंत जाते. पुढें मृगाचे चार चांगले पाऊस झाले, कीं हीच जमीन अशी मिटून जाते कीं, येथें कधीं भेग होती हें सांगून खरें वाटूं नये. मग त्याच शेतांत पाय टाकला तर तो घोट्यापर्यंत रुततो, आणि वर काढतांना शेर-दोन शेर माती बरोबर घेऊन येतो. वर्षांतून एकदां फाटणारी आणि एकदां मिटणारी ही जमीन म्हणजे विदर्भाची प्रसिद्ध काळी माती होय. तिचा गुण आणि तिचा त्रास हीं दोन्हीं एकाच कारणांतून निघतात, आणि गडचांदूरच्या परिसरांत तें कारण जितकें उघडें पडतें तितकें क्वचित् दुसरीकडे पाहावयास मिळेल.

गडचांदूर हें चंद्रपूर जिल्ह्याच्या कोरपना तालुक्यांतील गांव, आतां शहरच म्हणावें एवढें वाढलेलें. राजुऱ्याहून पश्चिमेकडे निघालें कीं सपाट काळ्या शेतांतून रस्ता तेथें पोंचतो. उत्तरेच्या अंगाला पैनगंगा वाहते आणि पुढें वर्धेला मिळते. दक्षिणेस माणिकगडचा डोंगर, त्यावरील जुना किल्ला व सागाचें रान. १९५६ पूर्वीं हा सारा राजुरा भाग हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यांत मोडत असे, त्यामुळें येथील बाजारांत मराठीबरोबर तेलुगू, गोंडी आणि कोलामी बोली आजही कानांवर पडतात. ही गोष्ट मातीच्या संबंधांतही निरर्थक नाहीं. पुण्या-मुंबईच्या शाळांतून मुलें भूगोलाच्या तासाला 'रेगूर' हा शब्द घोकतात. तो परका वाटला तरी तेलुगूंतील 'रेगडि' या काळ्या मातीच्या नांवावरूनच इंग्रजी ग्रंथांत गेला व तेथून आपल्या पाठ्यपुस्तकांत आला. गडचांदुराहून दक्षिणेकडे थोडें गेलें कीं तो शब्द पुस्तकाबाहेर, शेतकऱ्याच्या तोंडीं ऐकूं येतो.

मराठी शेतकऱ्याला मात्र 'काळी' एवढें म्हटलें तरी पुरतें. गांवाचे दोन भाग: घरें जीवर उभीं ती 'पांढरी' आणि पीक जींत येतें ती 'काळी'. जुन्या कागदपत्रांतून ही जोडी सतत येते. पण नागपूर-चांदा भागांतील शेतकरी एवढ्यावर थांबला नाहीं. अगदीं खोल, चिकट, पाणी धरून ठेवणाऱ्या मातीला त्यानें 'कन्हार' म्हटलें. थोडी तपकिरी, चुनखडीचे खडे मिसळलेली ती 'मोरंड'. उथळ व हलकी ती 'खरडी'. आणि डोंगराच्या उतारावरची दगडगोट्यांची ती 'बरडी'. इंग्रजी अमदानींत मध्यप्रांतांत जमीनमहसुलाची आकारणी करणाऱ्या अधिकाऱ्यांनीं हींच नांवें उचललीं व त्यांवर सारा बसविला. प्रयोगशाळा नसतांना केवळ पाय, नांगर आणि पीक यांच्या साक्षीनें केलेलें हें वर्गीकरण इतकें नेमकें आहे कीं, आजच्या मृदाशास्त्रज्ञालाही शेतांत उतरतांना त्याचा आधार घ्यावासा वाटतो.

हीं सारीं नांवें माणिकगडच्या पायथ्यापासून पैनगंगेपर्यंतच्या एका फेरींत भेटूं शकतात. डोंगराच्या उतारावर माती वीतभरही नसते. पावसाचें पाणी तिला टिकूं देत नाहीं. तेथें सागाला मात्र बरें वाटतें; चुन्याचा अंश असलेली आणि पाण्याचा चांगला निचरा होणारी जमीन या झाडाला मानवते. उतार सौम्य झाला कीं खरडी, मग मोरंड, आणि सखल सपाटीला कन्हार. डोंगरावरून धुऊन आलेला बारीक गाळ शतकानुशतकें खालीं साठत गेला; म्हणून ज्याची जमीन सखल त्याची माती खोल. कोठें ती हात-दोन हात असते, कोठें पुरुषभर. सागाची जागा येथें बाभूळ घेते, आणि बांधावर पळस दिसतो. एकाच गांवांत, एकाच पावसांत, दोन भावांच्या वाटण्या कागदावर सारख्या असूनही एकाला आठ पोतीं आणि दुसऱ्याला तीन कां, याचें उत्तर बहुधा या उतारांत असतें.

आतां ही माती आली कोठून? पाठ्यपुस्तकांतील उत्तर सर्वांना ठाऊक आहे: ज्वालामुखीच्या खडकांतून. सुमारें ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीं दख्खनवर लाव्ह्याचे थरावर थर पसरले, त्यांचा काळा पाषाण झाला, आणि तो झिजून काळी माती झाली. हें उत्तर खोटें नाहीं, पण गडचांदुरास तें अपुरें पडतें. दख्खनच्या पाषाणाची पूर्वेकडील कड याच भागांत संपते. त्याच्याखालून पैनगंगेच्याच नांवानें ओळखला जाणारा चुनखडक डोकावतो. त्याचें वय शंभर कोटी वर्षांहूनही अधिक समजलें जातें. ज्या काळीं पृथ्वीवर झाडही नव्हतें व प्राणीही नव्हता, त्या काळच्या समुद्राच्या तळाशीं तो थरांथरांनीं बसला. आणखी पूर्वेस, वर्धेच्या खोऱ्यांत, गोंडवन कालांतील वालुकाश्म व त्यांत दडलेला बल्लारपूर-घुग्घुसचा कोळसा. तीन युगांचे खडक असे कांहीं मैलांच्या आंत एकमेकांना टेकलेले आहेत.

यांतील वालुकाश्मावरची माती हलकी आणि रेताड होते, हें स्वाभाविकच आहे. पण चुनखडकावरची माती पाहावी तर ती पाषाणावरच्या मातीइतकीच काळी आणि चिकट! यावरून एक गोष्ट सिद्ध होते. काळी माती ही एकट्या अग्निजन्य खडकाची संतति नव्हे. खडकांत चुना आणि मॅग्नेशियम भरपूर हवें, जागा सखल हवी, आणि वर्षांतून एक ऋतु चिंब भिजविणारा व दुसरा कोरडा ठणठणीत करणारा हवा. हीं तिन्हीं एकत्र आलीं कीं एक विशिष्ट जातीची चिकणमाती तयार होते व टिकते. गडचिरोलीकडे पाऊस अधिक, खडक बहुतांशीं ग्रॅनाइटाच्या जातीचे, त्यामुळें मातींतील चुना धुऊन जातो. तेथें पिवळसर-तांबूस माती, तलाव आणि भाताच्या बांध्या. १९८२ पर्यंत हे दोन्ही प्रदेश एकाच जिल्ह्यांत होते, तरी एकाचा शेतकरी चिखलांत रोप लावी आणि दुसरा चिखलाला भिऊन शेताबाहेर उभा राही.

या विशिष्ट चिकणमातीचें शास्त्रीय नांव माँटमोरिलोनाइट. फ्रान्समधील माँटमोरियों या गांवाजवळ सांपडलेल्या मातीवरून तें १८४७ सालीं पडलें. तिचा कण इतका सूक्ष्म कीं, एका मिलिमीटरांत असे पांचशें कण ओळीनें बसले तरी जागा उरावी. प्रत्येक कण हा कागदाच्या गठ्ठ्यासारखा अतिशय पातळ पापुद्र्यांचा बनलेला असतो, आणि पाणी या पापुद्र्यांच्या मधोमध शिरून त्यांना दूर सारतें. माती फुगते ती अशी. पाणी निघून गेलें कीं पापुद्रे पुन्हां जवळ येतात; माती आकसते आणि फाटते. अशा शुद्ध मातीच्या एका ग्रॅमांतील सर्व पापुद्रे उलगडून पसरतां आले, तर सुमारें ७०० चौरस मीटर जागा व्यापली जाईल, असें गणित आहे. चिमूटभर मातींत एवढें अंगण! पाणी आणि अन्नद्रव्यें धरून ठेवण्याची हिची ताकद त्या अंगणांत आहे.

शेतांत उभा खड्डा खणला तर हें कार्य डोळ्यांनीं पाहतां येतें. वरची वीतभर माती भुसभुशीत, दाणेदार. त्याखालीं मोठमोठीं ढेकळें, आणि आणखी खालीं तिरप्या, पाचरीसारख्या ढेकळांवर गुळगुळीत, चकाकणारे पृष्ठभाग. फुगलेल्या मातीला बाजूस सरकावयास जागा नसते; तेव्हां एक ढेकूळ दुसऱ्यावर घासत वर चढतें आणि त्या घासण्यानें ही चकाकी येते. तळाशीं चुनखडीचे पांढरे खडे. उन्हाळ्यांत वरची माती भेगांतून खालीं पडते, पावसाळ्यांत खालची फुगून वर येते, आणि अशा रीतीनें ही जमीन स्वतःच स्वतःला हळूहळू उलथीत राहते. अमेरिकन वर्गीकरणकारांनीं हिला 'व्हर्टिसोल' म्हटलें तें लॅटिनमधील 'उलथणें' या अर्थाच्या धातूवरून. जुना विदर्भीय शेतकरी कन्हारांत दरवर्षीं नांगर घालीत नसे, केवळ वखराच्या पाळ्या देई. बाहेरून आलेल्या कित्येकांना हा आळस वाटला. तें काम जमीनच करीत होती, हें त्यांच्या ध्यानांत आलें नाहीं.

दुसरा एक गैरसमज रंगाविषयींचा. माती काळी म्हणजे ती कुजलेल्या पालापाचोळ्यानें समृद्ध, असें शहरांतील बागप्रेमी मंडळी समजतात. रशिया-युक्रेनमधील काळ्या मातीच्या बाबतींत तें खरें आहे. तेथील गवताळ मैदानांचा कुजका अंश तिला काळी करतो. आपल्याकडील मातींत सेंद्रिय कर्ब बहुधा शेंकडा एकाहूनही कमी, कित्येक शेतांत अर्ध्यावर आलेला. थोडासाच सेंद्रिय अंश या चिकणमातीच्या कणांना घट्ट चिकटून बसतो आणि लोहयुक्त खनिजांच्या जोडीनें सगळ्या मातीला रंगवून सोडतो. चुना, मॅग्नेशियम, पोटॅश यांची येथें वाण नाहीं. नत्र, स्फुरद आणि जस्त यांची मात्र असते. रंगावर भुलून शेणखत कमी केलेल्या शेतकऱ्याला ही माती कांहीं वर्षें फसवूं शकते.

हवामान तर सर्वांच्या परिचयाचें. चंद्रपूरचें नांव वर्तमानपत्रांत येतें तें मे महिन्यांत. पारा ४६-४७ अंश सेल्सिअसवर गेला कीं. पाऊस सरासरीनें ५० इंचांच्या आसपास, आणि त्यांतील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. आकडा पाहिला तर पुण्याच्या माणसाला हेवा वाटावा. परंतु या मातीला पाऊस किती पडला याहून कसा पडला याचें महत्त्व अधिक. पहिल्या पावसाचें पाणी भेगांतून धो धो खालीं जातें. भेगा मिटल्या कीं दार बंद; मग पाणी इतकें सावकाश मुरतें कीं, मोठी सर आली तर बरेंचसें शेतावर साठतें किंवा वरच्या थराला घेऊन नाल्याच्या वाटेला लागतें. एकदां भिजलेली तीन फूट खोल काळी माती सहा-सात इंच पाणी पिकासाठीं राखून ठेवते. एकराला हिशेब केला तर तें सुमारें सात लाख लिटर होतें. पाऊस गेल्यावर, विहिरीचा थेंबही न देतां, तूर माघापर्यंत उभी राहते आणि कापूस दोन-तीन वेचे देतो, तो या पुंजीवर.

खरा प्रश्न या पुंजीपर्यंत पोंचण्याचा आहे. कोरडी असतांना ही माती दगडासारखी; वखर तिच्यावरून घसरतो. ओली असतांना ती इतकी चिकट कीं, तिफणीच्या फणाला लोंबकळते, बैलाचे खूर धरते आणि ट्रॅक्टरचें चाक रोवून ठेवते. या दोहोंच्या मधली जी अवस्था, जिला शेतकरी वाफसा म्हणतो, ती जूनमध्यें फार थोडे दिवस टिकते. कधीं चार, कधीं दोन. तेवढ्यांत सगळ्या गांवाला पेरावयाचें असतें. ज्याचे बैल स्वतःचे, ज्याच्या घरांत माणसें पुरेशीं, किंवा ज्याला ट्रॅक्टर पहिल्या दिवशीं मिळाला, त्याची पेरणी साधते. भाड्याच्या बैलजोडीची वाट पाहणाऱ्याच्या वाट्याला तिसरा-चौथा दिवस येतो, आणि तोंवर पुन्हां झड लागली तर पंधरा दिवस शेतांत पाऊल घालतां येत नाहीं. पेरणी उशिरा झाली कीं पीकही उशिरा येतें आणि कर्जाचा हप्ता मात्र वेळेवर. गांवांतील दोन घरांमधील अंतर वर्षानुवर्षें वाढत जातें, त्याला या चार दिवसांचा हातभार मोठा आहे.

यावर जुना उपाय धूळपेरणीचा. पावसाआधींच कोरड्या मातींत बीं टाकून द्यावयाचें. पाऊस वेळेवर आला तर पीक सर्वांच्या पुढें. एक सर देऊन दडी मारली तर अंकुर जळतो आणि दुबार पेरणीचें बियाणें उसनें आणावें लागतें. १९७२ मध्यें हैदराबादजवळ पाटणचेरू येथें स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेनें काळ्या मातीवर पुष्कळ प्रयोग केले, त्यांतून रुंद वरंबा आणि सरी ही पद्धत पुढें आली. पीक चार-पांच फूट रुंदीच्या किंचित् उंच वरंब्यावर, आणि जादा पाणी शेजारच्या सरींतून सौम्य उतारानें बाहेर. ही पद्धत ज्या भागांत पावसाची खात्री अधिक तेथें विशेष उपयोगी पडते, आणि चंद्रपूर हा तसाच भाग आहे. महाराष्ट्रांत सोयाबीनसाठीं ती पसरूं लागली आहे. तिला वेगळें यंत्र लागतें, आणि शेजाऱ्याशीं गोडी असावी लागते. कारण एकाच्या सरीचें पाणी दुसऱ्याच्या शेतांतूनच नाल्याला जावयाचें. जुलै २०२२ मध्यें वर्धा आणि पैनगंगा यांना मोठे पूर आले, तेव्हां नदीकांठच्या शेतांत वरंबा काय आणि सपाट काय, सगळेंच पाण्याखालीं होतें. असो.

या मातीवर घर बांधणाराचीही परीक्षा असते. दर पावसाळ्यांत ती पाया उचलते, दर उन्हाळ्यांत खालीं सोडते. आणि सर्वत्र सारखी उचलीत नाहीं म्हणून भिंतीला तिरपी चीर पडते. पूर्वजांनीं वस्तीला पांढरी निवडली त्यांत हा अनुभव असलाच पाहिजे. आज गांवें वाढून काळींत उतरलीं आहेत. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेनें यासाठीं तळाशीं कंदासारखा फुगवटा असलेला काँक्रीटचा खोल खांब प्रचारांत आणला; वरची माती कितीही हालली तरी त्याचा कंद खालच्या न हालणाऱ्या थरांत घट्ट राहतो. सिमेंट लागतें, हें खरें.

आणि सिमेंटाचा विषय गडचांदुरास टाळतां येत नाहीं. मातीखालचा तो प्राचीन चुनखडक सिमेंटास उत्तम. १९८० नंतरच्या दशकांत गडचांदूर व आवारपूर येथें मोठे कारखाने उभे राहिले, पुढें उपरवाहीसही झाला. कोळसा जवळ, चुनखडक पायाखालीं. कारखान्याला याहून सोयीची जागा कोणती? त्यामुळें रेल्वे आली, पगार आले, बाजारपेठ वाढली; शेतांतील पोरगा महिन्याच्या महिन्याला पैसे घरीं आणूं लागला, आणि एका वाफशावर वर्षाची भिस्त ठेवण्याची कांहीं घरांची सक्ती संपली. हें लहान काम नव्हे. मुंबई-नागपूरच्या इमारतींतून राहणाऱ्यांच्या भिंतींतही या खोऱ्यांतील चुना असण्याचा संभव आहे.

पण चुनखडकापर्यंत जावयाचें तर आधीं माती बाजूला करावी लागते. एका एकरावरील फूटभर मातीचें वजन सुमारें १६०० टन भरतें. खाणींच्या नियमांत, १९८८ च्या आणि त्यांच्या जागीं आलेल्या २०१७ च्याही, ही वरची माती वेगळी काढून, जपून, खाणकाम संपलेल्या जागीं पुन्हां वापरावी असें कलम आहे. कलम चांगलें आहे. मृदाशास्त्र त्याला एवढेंच जोडतें कीं, माती ही नुसती वस्तु नसून रचना आहे. वरचा दाणेदार थर, मधलीं घासून चकाकलेलीं ढेकळें, तळाची चुनखडी हा क्रम यंत्राच्या एका फावड्यांत मोडतो. ढिगांत वर्षानुवर्षें दडपून पडलेल्या मातींत हवा खेळत नाहीं आणि तींतील जीवजंतु क्षीण होतात. ओली असतांना ती हलविली तर चाकांखालीं दबून विटेसारखी होते. म्हणून माती कोरडी असतांना काढणें, वरचा व खालचा थर वेगवेगळा ठेवणें, ढीग उंच न करणें, त्यावर शेंगवर्गीय पीक किंवा गवत धरणें, आणि शक्य तर ढिगांत न ठेवतां सरळ दुसऱ्या तयार जागेवर पसरणें, हे उपाय सांगितले जातात. पसरलेली माती पुन्हां काळीसारखी वागूं लागण्यास कित्येक उन्हाळे-पावसाळे जावे लागतात. आणि खडकापासून नव्यानें एक इंच माती तयार होण्यास शेंकडों वर्षें.

खाणीच्या कडेला उभें राहिलें तर हा सारा उभा छेद एका दृष्टींत दिसतो. वर पुरुषभर काळा थर, त्याखालीं पिवळट, चुनखडी मिसळलेला पट्टा, आणि मग थरांथरांचा करडा चुनखडक खालपर्यंत. ज्येष्ठ लागला असेल तर काळ्या थरांतील भेगा कडेवरून खालीं उतरतांना स्पष्ट मोजतां येतात. आणि बांधाच्या पलीकडे, जेथवर खाण अजून आलेली नाहीं, तेथें शेतकऱ्यानें वखराची शेवटची पाळी देऊन ठेवलेली असते, आणि बियाण्याचें पोतें छपराखालीं उंचावर टांगलेलें असतें.